विहाराच्या भोंग्यावरचं वाक्य

१० नोव्हेंबर, सोमवार

अतुल,

जय भीम. एवढ्याला तरी तू मनातल्या मनात उत्तर देशील असं धरून पुढे लिहिते. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, निळ्या खुणा दिसतात, आणि गप्प राहतोस. पत्र निदान हातात घ्यावं लागतं. बिलासपूरचं तुझं रेल्वे क्वार्टर बदललेलं नाही असं मानते.

तुझी लेक प्रतिक्षा बरी आहे. बारावीचं वर्ष आहे. सायकलने मोहाडीला कॉलेजात जाते, आल्यावर अभ्यास करते, जेवणाच्या वेळी वाद घालते. वाद घालायला मी शिकवलं असं तू म्हणशील. म्हण.

इथे धानाची कापणी उरकत आली. बांध्यांमध्ये पेंढ्यांचे उंच पुंजणे रचून झालेत. विहारातला माझा रविवारचा इंग्रजीचा वर्ग जोरात आहे. वंदना झाली की माणसं उठून जात नाहीत, तिथेच बसतात. आता पोरांबरोबर बायाही येतात, आणि देवळाकडच्या आळीतल्या कुंताबाईसुद्धा नातवाचं बोट धरून येतात. नियम एकच. पुस्तकातलं वाक्य चालणार नाही. 'सीमा शाळेत जाते' म्हटलं की मी विचारते, कोण सीमा? कुठली शाळा? वाक्य आपल्या घरातलं, आपल्या रस्त्यावरचं आणि खरं पाहिजे. आणि ते माइकवर म्हणायचं, भोंगा चालू ठेवून. ज्यांना पिढ्यानपिढ्या गावाच्या कडेला ठेवलं, त्यांचा आवाज गावाच्या मधोमध गेला पाहिजे. पुटपुटलेलं बरोबर वाक्य मला नको. खणखणीत आवाजातलं चुकलेलं चालेल.

काल घेतलं होतं 'गेट अवे विथ'. करून सवरून नामानिराळं राहणं, चूक पचवून जाणं, शिक्षा न होता सुटणं. आपल्या लोकांनी इंग्रजीतलं हे सगळ्यात आधी शिकायला हवं, पुस्तकवाल्यांनी ते शेवटच्या पानांत ढकललंय. मी दोन उदाहरणं दिली आणि माइक पुढे केला.

कुंताबाई म्हणाल्या, "माय सून गेट्स अवे विथ टीव्ही." सून मागेच बसली होती. ती म्हणाली, "मायजी, घरी चाला, मंग सांगतो तुमाले विथ टीव्ही." नातू बंटीने सांगितलं की त्यांचे सर रोज उशिरा येऊन 'गेट अवे' होतात. भोंग्यावरून ते सरांच्या घरापर्यंत गेलंच असेल. आम्ही पोट धरून हसलो.

प्रतिक्षानेही एक वाक्य म्हटलं. चांगलं म्हटलं. तिचा आवाज माझ्यापेक्षा लांब जातो.

एक विचारायचं होतं. तिला थोडे दिवस तुझ्याकडे पाठवू का? हवापालट होईल. कॉलेजचं मी बघते. शक्यतो याच आठवड्यात कळव.

रीना


१३ नोव्हेंबर, गुरुवार

अतुल,

तुझ्या उत्तराची वाट बघायला धीर नाही, म्हणून हे दुसरं. 'हवापालट' हा शब्द लिहिताना माझा हात अडला होता. आता सरळ लिहिते.

गुलाबदादा गेला, हे तुला कोणीतरी कळवलं असेल. तुला नदीत पोहायला शिकवणारा गुलाबदादा. दिवाळीनंतर एका संध्याकाळी धान कापून बांधीतून घरी येत होता आणि रेतीच्या टिप्परने त्याला नदीच्या रस्त्यावर उडवलं. तो टिप्पर रेतीवाल्या सेवकराम शेठचा. शेठचा पगारी ड्रायव्हर स्वतःहून ठाण्यात हजर झाला, अपघात लिहिला गेला, जामीन झाला. गुलाबदादा याआधी त्या रस्त्यावर टिप्परच्या पुढे आडवा उभा राहायचा, शेतातून रेती नेऊ देणार नाही म्हणायचा, ही गोष्ट अपघाताच्या कागदात येत नाही.

मी त्या दिवशी तुमसरला भाषण देत होते. प्रतिक्षा गुलाबदादाच्याच बांधीत होती. त्याच्या बायकोला, मंगलावहिनीला पेंढ्या बांधू लागायला गेली होती. वहिनी घरी निघून गेली आणि ही पुंजण्याच्या मागे आपली हरवलेली चप्पल शोधत राहिली. तिथून तिने पाहिलं. टिप्परच्या ड्रायव्हरच्या बाजूने विक्की उतरला, शेठचा मुलगा. त्याने वाकून गुलाबदादाकडे पाहिलं, पुन्हा वर चढला आणि निघून गेला.

तिने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही. रविवारी माइक हातात आला आणि ती म्हणाली, "विक्की किल्ड गुलाब मामा अँड गॉट अवे विथ इट."

माइकची घरघर तेवढी ऐकू येत होती. कुंताबाईंना वाटलं हीसुद्धा गंमतच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी वाजवल्या नाहीत. मंगलावहिनी मागे भिंतीला टेकून बसली होती. तिला इंग्रजी येत नाही, पण दोन नावं तिला कळली.

घरी आल्यावर मी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलं?"

"तुले सांगतलं असतं तर तू भाषण दिलं असतं," ती म्हणाली.

"आणि तू भोंग्यावर सांगितलंस, ते काय?"

"तूच म्हणते ना, खरं वाक्य पाहिजे. माह्याजवळ दुसरं खरं वाक्य नव्हतं, आत्या. दिवसभर तेच डोक्यात फिरून राहते. आन् इंग्रजीत होतं. बाहेर कोणाले समजते?"

तिथेच आम्ही सगळे फसलो. मीसुद्धा. इतकी वर्षं त्या भोंग्यावरून इंग्रजी जातंय, गाव ते रेडिओसारखं ऐकतं आणि आपल्या कामाला लागतं. इंग्रजीत बोललं की दार लावून बोलल्यासारखं वाटायचं. कोणीतरी ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं, खाली मराठीत अर्थ लिहिला आणि सोडून दिलं. दिवस मावळायच्या आत ते मोहाडीच्या प्रत्येक टपरीवर पोहोचलं होतं.

सोमवारपासून प्रतिक्षाच्या सायकलमागे एक नंबर नसलेला ट्रॅक्टर चालतो. पुढे जात नाही, मागे राहत नाही. ती थांबली की थांबतो. काल आमच्या दारासमोर कोणीतरी रेतीचा ढीग ओतून गेलं. ओली, नदीची रेती. आम्ही कुठलंच बांधकाम काढलेलं नाही.

मला भीती वाटते आहे, अतुल. हे वाक्य मी स्वतःबद्दल कधी लिहिलेलं नाही. सभांमध्ये दगड आले तेव्हाही माझा आवाज चढला होता, पडला नव्हता. आता दाराची कडी वाजली की मी आधी फटीतून बघते.

तिला घेऊन जा.

रीना


१८ नोव्हेंबर, मंगळवार

अतुल,

तुझा मेसेज मिळाला. "पाठव. तू सोबत येऊ नकोस." सहा वर्षांत तू मला लिहिलेले हे पहिले शब्द. मला ते लागले नाहीत. मी तिची बॅग भरली.

ती जात नाही. "मंगलामामी येकटी हाय. मी जातो आन् तिनं कोणाच्या तोंडाकडे पाहावं?" मी ओरडले. मी ओरडले की माणसं गप्प बसतात, तुला माहीत आहे. ही म्हणाली, "आत्या, माइक नाही हाय इथं. हळू बोल."

काल सेवकराम शेठचा माणूस आला होता, ताराचंद. पांढरा शर्ट, खिशात चष्म्याची डबी, बोलणं तुपासारखं. मी दारातच उभी राहिले. तो दारासमोरच्या रेतीला वळसा घालून आला, त्या ढिगाकडे बघितलंही नाही.

"मॅडम, चहा नाही घेत, बसत बी नाही. येकच गोष्ट. तुमच्या क्लासात सेंटेन्स बनवाले लावता ना पोरायले?"

"हो."

"म्हणजे उदाहरण. जसं आमच्या टायमाले होतं, वाघाने शेळी खाल्ली. आता कोणता वाघ, कोणाची शेळी? हाय का नाही?"

मी दार आणखी थोडं ओढून घेतलं.

"पोरगी लहान हाय. उदाहरणात कोणाचं बी नाव येते. तुम्ही येत्या रविवारी त्याच भोंग्यावरून सांगून टाका, ते उदाहरणाचं वाक्य होतं. बस. शेठ बी खुश, गाव बी शांत. पोरगी सायकलनं कालेजात जाते ना? रस्ता लई खराब हाय, मॅडम. पाहून राहिलो ना मी रोज."

शेवटचं वाक्य त्याने अगदी काळजीने म्हटलं. सख्ख्या मामाने म्हणावं तसं.

"आणि नाही सांगितलं तर?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण कोणा दुसरीच्या तोंडातून आल्यासारखा.

"तुम्ही शिकलेल्या हाव. तुमाले का सांगाव मी?"

तो गेला आणि मी दाराला कडी घातली. तुला सांगते, त्याने धमकी दिली असती तर बरं झालं असतं. धमकीला उत्तर देता येतं. मी आयुष्यभर धमक्यांनाच उत्तरं देत आले. त्याने मला फक्त एक सोपी वाट दाखवली. 'उदाहरण' म्हणायचं. पाच अक्षरं. पोरगी जिवंत राहील.

आणि माझ्याच वर्गाचा नियम आहे की वाक्य खरंच पाहिजे. गावातली शेंबडी पोरंसुद्धा हे जाणतात. मी ते उदाहरण होतं म्हटलं, तर विहारातली माणसं माझ्याकडे बघतील. नाही म्हटलं, तर प्रतिक्षाच्या मागचा तो ट्रॅक्टर एक दिवस थांबणार नाही.

तू म्हणाला होतास, प्रतिक्षाची आई गेली त्या वर्षी, की मी तुझ्या पोरीला बोलायला शिकवीन, जगायला नाही. मला तेव्हा राग आला होता. आज मी दिवसभर फक्त एवढाच विचार केला की तिने जगावं. बोलण्याचं नंतर बघू.

तू काय करशील? एका ओळीत कळव. मी तसंच करीन असं नाही, पण कळव.

रीना


२४ नोव्हेंबर, सोमवार

अतुल,

तुझं उत्तर आलं नाही. मी माझ्या मनाने केलं. काय केलं ते तुला इतर कोणाकडून कळण्याआधी सांगते.

काल वंदना झाली. विहार भरला होता, एवढी माणसं चौदा एप्रिललाही येत नाहीत. ताराचंद फाटकाबाहेर मोटरसायकलला टेकून उभा होता. प्रतिक्षा पहिल्या रांगेत, मंगलावहिनीला चिकटून बसली होती. आदल्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली होती, "तू खोटं बोलली तर मी उठून खरं सांगीन."

तिला ते करू द्यायचं नव्हतं. म्हणून मी तिच्यासाठी जागाच ठेवली नाही.

मी माइक घेतला आणि म्हणाले, "दोन आठवड्यांपूर्वी या भोंग्यावरून जे वाक्य गेलं, ते उदाहरण नव्हतं. ते खरं आहे. पण ते प्रतिक्षाचं नाही. ते माझं आहे. मी तिला ते पाठ करून दिलं होतं. कोणाला काही विचारायचं असेल, तर मला विचारा. तिला काही माहीत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लक्षात घे, टाळ्या! रीनाताईंनी शेठचं तोंड बंद केलं, असं त्यांना वाटलं. कोणीतरी घोषणाही दिली. मला एक क्षण, फक्त एक क्षण, छान वाटलं. मग मी ताराचंदकडे पाहिलं. तो हसत होता. त्याने मान डोलावली, गाडीला किक मारली आणि गेला.

त्याला मी उदाहरणापेक्षा मोठी गोष्ट दिली होती. मी त्या दिवशी तुमसरच्या स्टेजवर होते. शेकडो लोकांनी मला पाहिलं, फोटो छापून आलेत. जिने काही पाहिलंच नाही, तिचं वाक्य म्हणजे नुसतं भाषण. आणि जिने पाहिलं, तिला काही माहीत नाही, असं मी सगळ्या गावाला सांगून टाकलं.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं लिहिलं तर तू विश्वास ठेवशील, पण ते खोटं होईल. माझ्या लक्षात होतं. मला तेच हवं होतं. साक्षीदार नसेल, तर साक्षीदाराला मारायचं कारण उरत नाही. तिला वाचवायचं होतं आणि शूर दिसायचंही होतं. दोन्ही एकदम जमत होतं.

प्रतिक्षा उठली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली नाही. माइककडे आलीही नाही. माझ्यासमोरून जाताना म्हणाली, "गुलाबमामाले कोणी पाहिलं होतं, आत्या? कोणीच नाही ना?"

मंगलावहिनी तिच्यामागे गेली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. कुंताबाईंनी मात्र माझा हात धरला. म्हणाल्या, "बाई, मी बी हेच केलो असतो. माही नात असती तर." त्या म्हाताऱ्या बाईचं ते बोलणं मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खरं होतं आणि मला त्याने बरं वाटलं.

प्रतिक्षा वहिनीकडे राहते आहे. तिची बॅग अजून माझ्या दाराशी भरलेली आहे. ट्रॅक्टर आज दिसला नाही. म्हणजे माझं बोलणं पटलं त्यांना. मी खुश व्हायला हवं.

रीना


४ डिसेंबर, गुरुवार

अतुल,

सहा डिसेंबरला तीन गावांनी मला भाषणाला बोलावलं होतं. तिघांनाही नाही कळवलं. तब्येतीचं कारण सांगितलं.

सोमवारी सकाळी मंगलावहिनी आली. दारातल्या रेतीवर उभी राहून म्हणाली, "रीनाताई, पोरीनं जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाले अर्ज देला. तपासाले बाई साहेब आली होती माह्या घरी. प्रतिक्षाले भंडाऱ्याले बोलावलं हाय, जज साहेबासमोर सांगाले. उद्या जातो आमी. तुमाले सांगाले आलो." 'चाला' असं ती म्हणाली नाही. मीच विचारलं, येऊ का. ती रेतीवरून खाली उतरली आणि म्हणाली, "या. पण तिथं बोलू नका."

मंगळवारी आम्ही तिघी एसटीने गेलो. एक पांढरी गाडी आमच्या एसटीच्या मागे होती. मोहाडीपासून होती. प्रतिक्षा खिडकीशी बसली होती. मी तिला म्हटलं, इकडे ये, मी खिडकीशी बसते. मला वाटलं वाद घालेल. ती मुकाट्याने उठली आणि जागा बदलली. तेव्हा मी तिचा हात धरला, तर तो बर्फासारखा होता. तेव्हा मला कळलं. इतके दिवस मला वाटत होतं, तिला भीती वाटतच नाही. मी तिचा राग पाहत होते, आणि ती रागाच्या खाली माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली होती.

"आत्या, त्यायनं मले विचारलं की तुह्या आत्यानं पाठ करून देलं म्हणते, तर?"

"तर सांग, आत्या खोटं बोलली. भीतीपोटी बोलली. आणि मला बोलावलं तर मीही तेच सांगीन."

"भोंग्यावर बी?"

"भोंग्यावरही."

वहिनीने पिशवीतून शेंगदाणे काढले आणि आधी तिला, मग मला दिले.

कोर्टात तिला एकटीलाच आत घेतलं. आम्ही दोघी बाहेर बाकावर. समोरच्या चहाच्या टपरीवर विक्की उभा होता. मी त्याला पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. आपल्या प्रतिक्षापेक्षा फार मोठा नाही. मोबाइल बघत होता, मधून मधून दाराकडे बघायचा. मला उठून त्याच्यासमोर उभं राहावंसं वाटलं, आणि काय काय बोलावं ते सगळं सुचलंही. वहिनीने माझ्या लुगड्याचा पदर आपल्या मुठीत धरून ठेवला होता. मी बसून राहिले.

प्रतिक्षा बाहेर आली तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता. पाणी मागितलं. आत काय विचारलं, काय सांगितलं, मी विचारलं नाही. तिनेच एक गोष्ट सांगितली. जज बाईंनी विचारलं होतं, कोणत्या भाषेत सांगतेस? ती म्हणाली, घरच्या. मग सगळं आपल्याच बोलीत सांगितलं, पहिल्यापासून. मध्ये अडखळली की बाई थांबायच्या. चपलेचंही विचारलं. ती सापडली का, म्हणून. त्यावर तिला रडू आलं, कारण सापडली नव्हती.

तपासाच्या बाई म्हणाल्या, पोलीस पहारा मिळेल. काल एक शिपाई येऊन वहिनीच्या ओट्यावर बसला, चहा पिऊन गेला, आज अजून आलेला नाही. ट्रॅक्टर मात्र पुन्हा आला आहे. प्रतिक्षा आता सायकल नेत नाही, मी आणि वहिनी तिला सोडायला जातो. दोन बाया एका पोरीला मध्ये घेऊन रस्त्याने चालतो आणि मागे इंजिन धडधडत असतं. वळून बघायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. कुंताबाई काल त्यांच्या दारात उभ्या होत्या. आम्ही पुढे गेल्यावर मागे चपला वाजल्या. पाहिलं तर त्या आणि त्यांची सून. "आमाले बी तिकडंच जाचं होतं," म्हणाल्या. तिकडे त्यांचं काहीही काम नव्हतं.

आता पुढची तारीख जानेवारीत आहे. त्या दिवशी विक्कीचा वकील असेल, शेठ असतील, त्यांची माणसं सगळा व्हरांडा भरून टाकतील. प्रतिक्षाला त्यांच्यामधून चालत जायचं आहे.

तू तिला न्यायला येऊ नकोस. ती येणार नाही, आणि आता मीही तिची बॅग भरणार नाही. ती बॅग काल मी रिकामी केली. पण तारखेला ये. तू उंच आहेस, खांद्याने रुंद आहेस, आणि ती दारातून बाहेर येताना कोणाला तरी शोधते, मी पाहिलं आहे. भंडाऱ्याला आमच्या बाकावर वहिनी आणि मी बसतो. जागा होते तिसऱ्याला. माझ्याशी असलेला अबोला तसाच राहू दे.

तुला काही बोलावं लागणार नाही.

रीना